थांबलेल्या मागांची नोंद

सोलापूरला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातला माणूस एकच विचारतो, "चादरी आणल्या का?" आणल्या, दोन आणल्या. एक आईला दिली, दुसरीवर बायकोने ताबा मिळवला आहे. पण त्या चादरी जिथे होतात तिथे मी सहा दिवस होतो, आणि तिथे जे पाहिलं ते पिशवीत घालून आणण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसलो आहे.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कारखान्यात एखाद्या कामाला किती वेळ लागतो, यंत्र किती वेळ चालतं आणि किती वेळ नुसतं उभं राहतं, हे मोजायचं आणि उत्पादन वाढवण्याचे उपाय सुचवायचे, हे काम करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेत मी नोकरीला आहे. गळ्यात स्टॉपवॉच, हातात फळी, फळीवर तक्ता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी बायकोच्या पोळ्यांची वेळ घेतली होती. त्या दिवशी मला दोनच पोळ्या मिळाल्या, पण सवय गेली नाही.

सोलापूरच्या अंबादासशेठ नावाच्या कारखानदारांचं संस्थेला पत्र आलं होतं. नक्षीच्या चादरींचे चोवीस माग आहेत, माणसं जुनी आणि चांगली आहेत, पण माल वेळेवर निघत नाही, मुंबईचा व्यापारी दुसरीकडे जायच्या गोष्टी करतो आहे, कुठे गळती आहे ते सांगायला माणूस पाठवा. आमच्या साहेबांनी मला पाठवलं. उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापूरला जायला दुसरं कोणी तयार नव्हतं, हेही खरं.

सोमवार : पूर्व भागात

स्टेशनवरून टांगा केला. टांगेवाला माझ्याशी दखनीत बोलत होता, वाटेत आडव्या आलेल्या भाजीवालीशी तेलुगूत भांडला, आणि घोड्याला मात्र कानडीत समजावत होता. मी विचारलं, "घोडा कर्नाटकातला आहे का?" तर म्हणाला, "अक्कलकोट के पास का है साब, दुसरी जबान में सुनता नइं."

शहराच्या पूर्व भागात शिरलो आणि कान टवकारले. प्रत्येक घरातून आवाज येत होता. खटक-खटक, खटक-खटक, एका घराचा संपायच्या आत पुढच्याचा सुरू. गल्लीत बांबूंवर नुकतं रंगवलेलं सूत वाळत घातलेलं, लाल, हिरवं, गर्द निळं, आणि त्यातून रंगीत पाणी ठिबकून मातीवर नक्षी झालेली. आमच्या पेठेत सकाळी दूधवाल्याची घंटा वाजते तेवढाच काय तो आवाज. इथे अख्खी वस्ती काम करत असल्याचं रस्त्यावर ऐकू येत होतं. मी टांग्यात बसल्या बसल्या भारावून गेलो, हे कबूल करायला हरकत नाही.

शेठचं घर पुढे आणि कारखाना मागे, मध्ये फक्त अंगण. शेठ पन्नाशीचे, पांढरा सदरा, पांढरं धोतर, बोलणं हळू. त्यांची आई दारातच होती. "कूर्चोंडी," असं म्हणत तिने हाताने सतरंजी दाखवली, तेव्हा ती बसा म्हणते आहे हे कळलं. मी बसायच्या आत पाणी आलं, पाणी पिऊन होतंय तोवर चहा आला, चहा संपतोय तर कडक भाकरी, दही आणि शेंगांची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात. इथे विचारण्याची रीतच दिसली नाही. पाहुणा आला तसं घरातल्या प्रत्येकाने हातातलं काम बाजूला ठेवलं. सूत मोजणारा कारकूनसुद्धा उठून उभा राहिला. मला बरं वाटलं, पण माझ्यातला घड्याळवाला मनात म्हणाला, पाच माणसांची मिळून चांगली पाऊण तासाची गळती इथेच झाली.

दुपारी मागांच्या शेडमध्ये गेलो. सोबत शिवलिंगप्पा जॉबर, म्हणजे मागांची आणि विणकरांची देखरेख करणारा माणूस. तो रोज कुंभारीहून सायकलवर येतो. घरी कानडी, बाजारात मराठी, आणि तेलुगू मागावर शिकलेला. दाराशीच तो माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "आत गेल्यावर बोलू नका सायेब, कुनाला काय बी ऐकू येत न्हाय!"

मी आजवर पुष्कळ यंत्रं पाहिली आहेत, पण त्या शेडमध्ये मी दारातच थबकलो. चोवीस माग एकाच वेळी चालू. प्रत्येक मागावर उंच लाकडी चौकट, तिच्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ, एक एक पुठ्ठा फिरून खाली येतो, त्याच्या भोकांप्रमाणे शेकडो दोऱ्या उचलल्या जातात, आणि खाली धाग्यांत एक फूल थोडं थोडं उमलतं. धोटा इकडून तिकडे जातो तो डोळ्यांना दिसतच नाही. फक्त फूल वाढताना दिसतं. कोणी तरी हे भोकांच्या हिशेबात आधीच लिहून ठेवलं आहे आणि यंत्र ते वाचतं आहे, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

दारापासून सातव्या मागावर नरसय्या होता. साठीला टेकलेला, काटकुळा, कानात सोन्याची बारीक बाळी. त्याच्या मागावर एक उभा धागा तुटला. दोनेक हजार धाग्यांत तो एक. मी वाकून शोधू लागलो, तोवर त्याने तळहात धाग्यांवरून असा फिरवला, जसा आपण झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतो, आणि नेमकं ते टोक उचलून गाठ मारली. मी घड्याळ दाबायच्या आत गाठ बसलीही होती. त्या दिवशी मी एकही आकडा लिहिला नाही. नुसता पाहत राहिलो.

मंगळवार ते गुरुवार : फळी आणि तक्ता

तीन दिवस माझ्या पद्धतीने काम केलं. पद्धत सोपी आहे. ठरावीक वेळाने शेडमध्ये फेरी मारायची, आणि प्रत्येक मागापाशी उभं राहून पाहायचं की माग चालू आहे की बंद. बंद असेल तर कारण लिहायचं. धोट्यातल्या सुताची कांडी संपली, धागा तुटला, माग बिघडला, नाहीतर 'इतर'. अशा पुष्कळ फेऱ्या झाल्या की यंत्राचा दिवस कुठे जातो त्याचं चित्र उभं राहतं.

चित्र उभं राहत होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. माग बंद असत, आणि कांडी संपलेली नसे, धागाही तुटलेला नसे. विणकर माग थांबवायचा दांडा ओढून नुसता उभा. पोरसवदा विणकर त्यातल्या त्यात बरे होते, त्यांचे माग बहुधा चालू मिळत. जुन्या माणसांचे बंद. नरसय्याचा तर जवळजवळ दर फेरीला बंद. मी गेलो की तो हसून विचारी, "जेवान झालं का सायेब?" मी मान हलवी, आणि तक्त्यात लिही: माग सात, बंद, इतर.

खरं सांगायचं तर नरसय्याच्या मागापाशी मी नेमून दिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त वेळा जात होतो. त्या हातांनी मला वेड लावलं होतं. मग तिथे गेलोच आहे तर नोंद का सोडा, म्हणून नोंदही करत होतो. एवढा गुणी हात आणि एवढा आळस एकाच माणसात कसा, याचं मला वाईट वाटत होतं. माझ्या शास्त्राची शिस्त मी तिथेच मोडली होती, ते त्या वेळी ध्यानात आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बेरजा केल्या. 'इतर' हा रकाना सगळ्यांत मोठा निघाला. अहवालात लिहिलं: 'वयस्क विणकरांत विनाकारण माग थांबवण्याची सवय आहे. शिस्त लावावी अथवा त्यांच्या जागी तरुण माणसं घ्यावीत.' वाक्य मला आवडलं होतं. दोनदा वाचलं.

शेठना ते मागवार आकड्यांसकट वाचून दाखवलं. सातव्या मागाच्या आकड्याशी त्यांनी मला थांबवलं.

"नरसय्यामामा? सगळ्यात जास्ती?"

"आकडे तसं सांगतात."

"माझ्या वडलांच्या हाताखाली शिकला तो," शेठ म्हणाले. "पण तुमी पुण्याहून आला, तीन दिवस हुबं राहून बघितलं. मी तर शेडमध्ये दिवसातनं एकदा जातो. त्याच्यापास्नंच सुरू करावं लागंल. न्हायतर बाकीचे म्हनतील, आपल्या मानसाला सोडला."

शुक्रवार : शिवलिंगप्पाचा डबा

शुक्रवारी सकाळी शेठनी नरसय्याला अंगणात बोलावलं. मी कचेरीच्या खिडकीत होतो. दोघं तेलुगूत बोलत होते, मला अक्षर कळलं नाही. शेठ काही विचारत होते. नरसय्याने एकदा मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि एकच शब्द बोलला. ती कबुली आहे असं मी समजलो, आणि माझे आकडे बरोबर निघाल्याचं समाधान वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

दुपारी शिवलिंगप्पाने अंगणातल्या लिंबाखाली डबा उघडला आणि मला हाक मारली, "बर्री सायेब." भाकरी, चटणी, वर कच्चा कांदा बुक्कीने फोडलेला. मी चटणीवर हात मारत होतो आणि तो एकदम म्हणाला, "नरसय्याला काडनार म्हनं."

"त्याचा माग फार वेळ बंद असतो," मी म्हणालो.

"आसंल की. तुमी शिकल्याली मानसं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "पर मागावरनं उटवला तर त्यो जगायचा न्हाय सायेब. नऊ वर्साचा हुता तवा बसला मागावर. सनाला बी घरात करमत न्हाय, हितं यून कांड्या भरत बसतोय. त्येला घरी बसवलं म्हंजी झालंच की."

मी चटणी खात राहिलो. शेंगा, तिखट आणि लसूण, एवढंच असतं त्यात, पण हात थांबत नाही. त्याची शिक्षा रात्रभर भोगली.

शनिवार : माडीवरची खिडकी

शनिवारी सकाळी उभं राहण्याचीही ताकद नव्हती. शेठच्या आईने जिरं-ताक दिलं, शेठची एक लुंगी नेसायला दिली आणि मला अंगणापलीकडे शेडला लागून असलेल्या माडीवर निजवलं. माडीच्या मागच्या भिंतीला एक गजांची खिडकी होती, ती थेट शेडमध्ये उघडत होती, उजेडासाठी ठेवलेली. मी कुशीवर वळलो की चोवीसच्या चोवीस माग खाली दिसत. मला वर कोणी पाहत नव्हतं.

सवयीने नरसय्याच्या मागाकडे पाहू लागलो. माग चालू होता. कांडी संपली, त्याने दांडा ओढला, धोट्यात नवी कांडी घातली, माग चालू. हे सगळं एका श्वासात. पुन्हा कांडी, पुन्हा तसंच. अर्धा तास झाला, तास झाला. उशाशी ठेवलेलं घड्याळ मी हातात घेतलं. 'इतर' कारणाने तो माग एकदाही थांबला नव्हता. बाकी जुन्या माणसांचेही नाही. मला वाटलं, शेठनी दम दिला म्हणून आज सुधारले.

वरून दुसरी एक गोष्ट दिसली, जी खाली तीन दिवसांत दिसली नव्हती. कांड्या भरणाऱ्या बायका शेडच्या टोकाला बसत, आणि टोपली इतक्या लांबून यायला वेळ लागे. टोपली रिकामी झाली की एका रांगेतले चार-पाच विणकर मान उंचावून वाट पाहत. खरी गळती ती होती. पुढे त्या बायकांची बसायची जागा शेडच्या मधोमध आणावी असं मी सुचवलं, ती आणली, आणि आता माल वेळेवर जातो असं शेठचं पत्र आलं आहे. पण त्या सकाळी मला ते सुचून आनंद व्हायलाही सवड मिळाली नाही.

कारण बाराच्या सुमारास शेडच्या दारातून सुताचा एक दलाल आत आला. परगावचा माणूस, टोपी, हातात नमुन्यांची पिशवी. त्याला पलीकडच्या दाराने गोदामात जायचं होतं. तो पहिल्या रांगेत शिरला आणि पहिला माग थांबला. तो पुढे सरकला, पहिला माग सुरू झाला, तिसरा थांबला. मग चौथा. मग सातवा, नरसय्याचा. नरसय्याने दांडा ओढला, हसून मान लववली, तोंडाने काही विचारलं. दलाल मान हलवून पुढे गेला. नरसय्याचा माग सुरू झाला. त्या माणसाबरोबर शांततेचा एक तुकडा त्या गदारोळातून हळूहळू पुढे चालत गेला, आणि पलीकडच्या दाराने तो बाहेर पडला तेव्हा चोवीस माग पुन्हा एका सुरात चालू होते.

मी गज धरून उठून बसलो. तीन दिवस मी मोजत होतो ते काय, हे मला तेव्हा कळलं. मी जुन्या माणसांच्या ज्या मागापाशी उभा राहत होतो, तो माग माझ्यासाठी थांबत होता. माझ्या तक्त्यातला तो सगळ्यांत मोठा रकाना मीच भरला होता. आणि ज्याच्यापाशी मी सगळ्यांत जास्त रेंगाळलो, त्याच्या नावावर सगळ्यांत जास्त गुन्हे लागले होते. पोटातली कळ विसरलो. आपण किती मोठं काही पाहतो आहोत आणि किती वाईट करून बसलो आहोत, दोन्ही एकदमच कळलं.

तेवढ्यात शेडच्या दारात कारकून आला आणि त्याने नरसय्याला खूण केली. नरसय्याने माग बंद केला, लहान कात्री आणि आकडी रुमालात गुंडाळली, आणि त्याच्यामागून गेला.

लुंगी सावरत मी जिना उतरलो. अंगण ओलांडून कचेरीत पोहोचलो तोवर शेठनी त्याला कामावरून काढल्याचं सांगून टाकलं होतं. नरसय्या हात जोडून उभा होता आणि शेठ खाली मान घालून टेबलावरचा माझाच अहवाल पाहत होते.

"शेठ, चूक माझी आहे," मी दारातूनच म्हणालो. "तो माझ्यामुळे माग थांबवत होता. मी समोर उभा राहिलो म्हणून." धापा टाकत, लुंगीचं टोक हातात धरून, मी दलालाची सगळी हकीकत सांगितली.

शेठनी अहवाल बाजूला सारला. मग म्हणाले, "आमचं हातमाग होतं तेव्हा माग सोप्यातच असायचा. दारात मानूस आला की आधी हात थांबवायचा, मग बोलायचं. चालत्या मागावरनं पावन्याशी बोलू नये. माझ्या वडलांनी शिकवलंय त्याला हे. मलाबी शिकवलं होतं." त्यांनी डोळे पुसले. "यंत्राचे माग आले, मी कचेरीत बसायला लागलो, आन् मीच विसरलो."

मग ते नरसय्याकडे वळले. माझ्यासमोर दोघंही आता मराठीतच बोलत होते.

"मामा, काल मी विचारलं, का थांबवतोस. चुकलं म्हनालास. पावने येतात म्हनून थांबतो, एवढं सांगायला काय झालं होतं?"

नरसय्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो संकोचून हसला.

"आसं कसं सांगायचं मालक? पावन्यामुळं काम ऱ्हातंय म्हनलं, तर पावन्यावर आळ येतो की. त्ये आपल्या दारात आल्यात."

मी त्याचे हात धरले. ते सुतासारखे कोरडे आणि गरम होते. क्षमा मागू लागलो. त्यालाच माझी दया आली असावी, कारण त्याने विचारलं, "प्वाट बरं हाय का आता?"

शेठ म्हणाले, आज घरी जा, सोमवारपासून ये. नरसय्याने रुमाल सोडला, कात्री आणि आकडी बाहेर काढली. "आर्धी पाळी ऱ्हायलीय की अजून," म्हणाला आणि अंगण ओलांडून शेडकडे गेला.

मी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. सातव्या मागाचा आवाज सुरू झाला. आत जाऊन त्या हातांकडे पुन्हा एकदा जवळून पाहावं असं फार वाटत होतं. पण मी त्याला दिसणार नाही असा, दाराच्या बाहेर, भिंतीला टेकून उभा राहिलो. आत पाऊल टाकलं असतं, तर त्याने माग थांबवला असता.